फायर ब्रिगेडवरचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. फायर ब्रिगेडवाले दिवसभर बसून पगार खातात, आग लागली की उशिरा येतात, आले की काचा फोडत सुटतात, पाणी मध्येच संपतं आणि आग विझल्यावरही तासभर तिथेच टाइमपास करतात. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. एकेक घेऊ.

बसून असतात म्हणे. अहो आग हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा कापून ड्रायव्हरला बाहेर काढणं, गॅस गळती, पुराचं पाणी, पडलेली झाडं, वर इमारतींची तपासणी आणि मॉक ड्रिल, हे सगळं कोण करतं? ड्युटी बदलली की आधी बीए सेट चेक होतो, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलेंडर. त्यातला दाब दाखवणारा काटा ३०० बारच्या आसपास असायला हवा. कागदावर तो अर्धा-पाऊण तास पुरतो, पण वीसेक किलोचा सगळा जामानिमा अंगावर घेऊन जिने चढलं की धाप लागून हवा भराभर संपते, हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजायला लागली की बाहेर पडायचं. हे चेकिंग आग लागल्यावर करत बसायचं का?

उशिरा येतात. बंब स्टेशनातून निघायला फार वेळ लागत नाही, घोळ शेवटच्या गल्लीत होतो, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या. शिडीची गाडी आली तरी तिचे जॅक दोन्ही बाजूंना पसरायला जागा नसेल तर शिडी उचलताच येत नाही. स्टेशनं कमी, माणसं अपुरी अशी तक्रार असेल तर जरूर करा, पण ती बजेट ठरवणाऱ्यांकडे, जवानाच्या नावाने कशाला?

आता काचा, हा मुद्दा सगळ्यात अर्धवट माहितीचा. आगीत बरेचदा माणूस भाजण्याआधी धुराने जातो. गरम धूर छताला साठतो आणि हळूहळू खाली उतरतो, त्याला वाट करून दिली की आतलं दिसायला लागतं, उष्णता कमी होते, अडकलेल्याला श्वास घेता येतो. पण ही वाटही वेळ बघून करायची असते, होजमध्ये, म्हणजे बंबाच्या पाइपात, पाणी तयार नसताना काच फोडली तर ताजी हवा आत घुसून आग भडकते. त्यामुळे खालून दगड मारून काचा फोडणाऱ्या उत्साही मंडळींनी कृपया थांबावं!

पाणी संपतं, हो संपतं. बंबाच्या टाकीत दोन-चार हजार लिटर धरा, एक होज मिनिटाला चारपाचशे लिटर फेकतो, करा हिशोब. म्हणून तर मागून टँकर येतात आणि हायड्रंट, म्हणजे आगीसाठी पाणी घ्यायचा नळ, शोधतात, आणि तुमच्या बिल्डिंगचा हायड्रंट कोरडा असेल तर तो सोसायटीने बघायचा.

राहिला टाइमपास. त्याला कूलिंग म्हणतात. गादीच्या कापसात, फॉल्स सीलिंगच्या वर निखारा धुमसत राहतो आणि काही तासांनी परत पेटतो, म्हणून गादी उचलून बाहेर नेतात, सीलिंग उचकटून बघतात. ते होईपर्यंत कपाटातले कागद आणायला आत धावू नका, आणि विम्याचा क्लेम करायचा असेल तर फायर रिपोर्टसाठी कुठे अर्ज करायचा ते तिथेच विचारून घ्या.