पथक एकत्र करा, पण उरणला किती वेळात पोचणार ते आधी लिहा

ऐरोलीच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा जोरदार चर्चा झाली. एका मित्राचं म्हणणं असं की ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर वसई-विरार ही तीन पोलीस आयुक्तालयं एकमेकांना चिकटून आहेत, मग प्रत्येकाला वेगळं बॉम्बशोधक पथक, वेगळं श्वान पथक, वेगळी सायबर लॅब कशाला, एकच ठेवा आणि पैसे वाचवा. आणि मग सगळे माझ्याकडे वळले, की तू सांग, इंग्लंडमध्ये असंच करतात ना? मी बेडफर्डला राहतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हो, करतात. बेडफर्डशर, केंब्रिजशर आणि हर्टफर्डशर या तीन काउंट्यांचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) पोलीस सशस्त्र पथक, कुत्रे, खुनाचा तपास असं बरंच काही मिळून चालवतात. आणि त्यात अर्थ आहे, खुनाच्या तपासाला मुरलेली माणसं लागतात, आणि लहान काउंटीत अशी टीम वर्षभर फक्त स्वतःपुरती ठेवणं परवडतच नाही.

पण याच देशातलं दुसरं उदाहरण ग्रुपवर कुणी टाकलं नाही. 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधली पोलीस हेलिकॉप्टरं एका सेवेखाली आणली, कारण अर्थातच बचत, आणि पुढे तळ कमी करत करत जवळपास निम्म्यावर आणले. 2017 मध्ये सरकारी पोलीस निरीक्षकांचा अहवाल आला त्यात काय दिसलं, तर लंडनला हेलिकॉप्टर साधारण 10 मिनिटांत पोचतं, उत्तरेकडच्या कंब्रियाला तासाच्या वर लागतो, आणि 40 टक्क्यांहून जास्त कॉल तर ते पोचायच्या आधीच रद्द होतात. म्हणजे वाचलेल्या पैशांची किंमत लांबच्या माणसाने वाट बघत मोजली. हिशोबाच्या तक्त्यात ही वाट बघणं कुठेच येत नाही, आणि माझा सगळा राग त्याच्यावर आहे.

अशा एकत्र कामात कोण किती पैसे देणार यावरून भांडणं पण झाली. इथे 43 पोलीस दलं आहेत, प्रत्येकाचं बजेट वेगळं, माझ्या काउन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) बिलावर पोलिसांचा हिस्सा वेगळ्या ओळीत छापून येतो, त्यामुळे आपण किती देतो आणि आपल्याला काय मिळतं हे लोक विचारतात. 2018 मध्ये वेस्ट मर्सिया पोलीस शेजारच्या वॉरिकशरच्या पोलिसांबरोबरच्या युतीतून बाहेर पडतोय म्हणून जाहीर करून मोकळे झाले. आपल्याकडे पोलीस दल राज्याचं, पैसा गृहखात्याकडून येतो, पाकीट एकच. त्यामुळे कोण किती देणार हा वाद आपल्याकडे होणार नाही हे खरं, पण म्हणूनच नेमकं कोणाला काय मिळालं हेही कोणी मोजणार नाही, आणि इंग्लंडची नक्कल करा म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलाच पाहिजे.

कुत्र्याचंच घ्या. गेल्या हिवाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत घरफोडी झाली. श्वान पथकाची व्हॅन आली, हँडलरने आधी काय केलं तर आम्हा सगळ्यांना आपापल्या दारातच थांबवलं, गवतावर पाय ठेवू नका म्हणाला, आणि मग लांब दोरी लावून कुत्र्याला कुंपणापाशी नेलं. माग काढायला वास ताजा हवा, लोकांनी जागा तुडवली की ते काम अवघड होत जातं. आता ऐरोलीत चोरी झाली तर पाच मिनिटांत अख्खी सोसायटी खाली उतरते, तिथे बदलापूरहून निघालेली व्हॅन शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून येईपर्यंत काय उरणार? विरार ते उरण तर विचारूच नका, घोडबंदर, ठाणे, ठाणे-बेलापूर रोड, संध्याकाळची वेळ असली तर संपलंच.

याउलट जप्त केलेल्या मोबाईलमधला डेटा काढायचं काम घ्या. योग्य पद्धतीने सील केलेला फोन थांबू शकतो, मशीन आणि सॉफ्टवेअर महाग असतं, ते तीन ठिकाणी घेऊन अर्धा वेळ रिकामं ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी दिवसरात्र चालवा. राज्याच्या सायबर विभागाचं मोठं केंद्र महापेला आहेच, 112 या मदतीच्या नंबरचं कॉल सेंटरही महापेलाच, म्हणजे एकत्र चालवायची सवय आपल्याला नवीन नाही. फक्त फोन दिला तो कधी परत मिळाला ही तारीख आयुक्तालयानुसार दर महिन्याला जाहीर करा, नाहीतर ज्याच्या दारात लॅब त्याचे फोन आधी असं होणार.

फॉरेन्सिकचं काम या दोन्हींच्या मधलं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली, तिच्या कलम 176 प्रमाणे 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जायचंय, हे लागू करायला राज्यांना 5 वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे तपासणीची मशीनं एकत्र चालतील पण जाणारी माणसं जवळच हवीत, पनवेलला वेगळी, भिवंडीला वेगळी.

बॉम्बशोधक पथकावर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, आत सीआयएसएफ (केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल) आहे, पण बाहेरच्या उलव्यातल्या शाळेला किंवा पनवेलच्या हॉटेलला धमकीचा मेल आला की धावायचं शहर पोलिसांनाच. अशा वेळी ते पथक तिथून उचलून ठाण्याला नेलं तर वाचलेल्या पैशांचा आकडा सांगणाऱ्याने आधी हे लिहून द्यावं, की कॉल आल्यावर उलव्यात गाडी किती मिनिटांत.