निम्मं इंटरनेट बॉटचं, म्हणून ग्रुप सोडायचा?

सध्या आमच्या तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की इंटरनेटवर आता निम्म्याहून जास्त बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) आहेत, म्हणजे ग्रुपवर बोलणाऱ्यांतलेही निम्मे खोटे. शुद्ध, मुद्देसूद मराठी दिसली की ती एआयची समजा. शंका असेल तर मजकूर डिटेक्टरमध्ये, म्हणजे एआयचं लेखन ओळखणाऱ्या साधनात, टाकून बघा. आणि एवढी कटकट करण्यापेक्षा ग्रुप सोडून थेट एआयलाच विचारा. हे वाचून कामाची माणसं गप्प बसायला लागलीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी निम्म्याचा हिशोब. आकडा हवेतला नाही. इम्पर्व्हा या सायबर सुरक्षा कंपनीच्या २०२५ च्या अहवालात तो आहे: २०२४ मध्ये वेबसाइटांवरच्या वाहतुकीपैकी ५१ टक्के वाहतूक यंत्रांची होती. पण मोजलं काय, तर वेबसाइटकडे आलेल्या विनंत्या. सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, दुसऱ्याच्या साइटवरचे भाव उतरवून घेणारे, चोरीचे पासवर्ड लावून बघणारे, सगळे त्यात आले. लिहिलेल्या मजकुरापैकी माणसाचा किती आणि यंत्राचा किती, हे त्या ५१ टक्क्यांत मोजलेलंच नाही. शिवाय ही कंपनी बॉट अडवण्याचीच सेवा विकते, हेही लक्षात ठेवून तो अहवाल वाचावा. आपल्या ग्रुपवर प्रत्येक नावामागे मोबाइल नंबर आहे आणि बहुतेक जण कुणाच्या तरी ओळखीनेच आत आलेत. इथला खरा त्रास वेगळाच आहे: माणूस खरा, नंबर खरा, पण मजकूर एआयकडून उचलून न वाचताच चिकटवलेला.

खोटी माणसं ऑनलाइन चर्चेत घुसतच नाहीत, असं मी म्हणत नाही. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवरच्या एका गटात लोकांना न सांगता एआयकडून हजारावर प्रतिक्रिया टाकून घेतल्या. एप्रिल २०२५ मध्ये ते उघड झालं. त्या खात्यांनी कुठे अत्याचार सोसलेली व्यक्ती, कुठे मानसिक आघातांवर काम करणारा समुपदेशक असल्याचं भासवलं होतं. लोक चिडले ते या खोट्या आयुष्यांमुळे. भाषा बघून ती खाती पकडायची म्हटली असती, तर कुणाच्या हाती काही लागलं नसतं.

म्हणूनच शुद्ध मराठीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. आमच्या ग्रुपवर एक निवृत्त गुरुजी आहेत. स्वतःची बाग आहे. उत्तर लिहितात ते आकडे घालून, पूर्णविराम देऊन. फळछाटणीनंतर पाऊस झाला तेव्हा एका पोराने पानाचा फोटो टाकून कुठलं औषध मारू म्हणून विचारलं. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन रोग. गुरुजींनी लिहिलं: ‘१. आधी पान उलटं करा. २. वर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्याच खाली पांढरी लव असेल तर डाऊनी. ३. पांढरी भुकटी असेल आणि बोटाला लागत असेल तर भुरी. ४. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, पान बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका.’ खाली लगेच दोघांनी ‘हे एआयचं आहे’ म्हणून हसण्याच्या इमोजी टाकल्या. तेव्हापासून गुरुजींनी तिथे एक ओळ लिहिलेली नाही. चाळीस-चाळीस वर्षं फळ्यावर नीट लिहिलेल्या माणसांना नीट लिहिल्याबद्दल खोटं ठरवायचं, हे मला सहन होत नाही. आता कितीतरी जण बोलून टाइप करतात, त्यामुळे अशुद्ध लिहिणाऱ्याचंही लेखन शुद्ध उमटतं. उलट एआयला ‘चुका करून, गावाकडच्या बोलीत लिही’ म्हटलं की ते तसंही लिहून देतं. व्याकरणावरून माणूस ओळखता येत नाही.

डिटेक्टरचं तर विचारूच नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं. त्यांच्याच चाचणीत एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के सापडला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के एआयचा ठरला. इंग्रजी सोडून इतर भाषांत ते आणखी कच्चं आहे, हेही त्यांनीच सांगितलं होतं. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून ते बंद झालं. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून जास्त निबंध सरासरी एआयचे ठरले. त्यानंतर नवी साधनं आली असतील, पण अशा निकालावर आपल्यातल्या कुणालाही खोटं ठरवू नये.

राहिलं ‘थेट एआयलाच विचारा’. विचारा की, मीही विचारतो. औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी समजून घ्यायला, योजनेचा अर्ज लिहायला ते कामाचं आहे. पण काल रात्री सावळजकडे किती पाऊस झाला, शेजारच्या बागेत डाऊनी दिसली का, बेदाण्याला आज प्रत्यक्ष काय भाव निघाला, हे सौद्याला किंवा बागेत गेलेला माणूसच सांगणार. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीत प्रत्येक जण विचारतो. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. एआयने जुन्या मजकुरावरून उत्तर जुळवलं आणि ते दोन फुटांनी चुकलं, तर खालच्या गल्लीतल्या घरातलं सामान हलवायचं राहून जातं. पुलाजवळचा माणूस चुकला तर त्याला लगेच फोन लावता येतो.

आणि या मेसेजने एक गोष्ट पार झाकून टाकली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ती अफवा पसरायला चॅटजीपीटी लागलं नाही, ते तेव्हा नव्हतंच. फोनवरून फोनवर ती माणसांनीच ढकलली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच जागीच मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. ती मर्यादा माणसांच्या बोटांसाठी होती.

मग ग्रुपवर करायचं काय? मी आमच्या ॲडमिनना मागणी केली आहे आणि इतरांनीही आपापल्या ठिकाणी करावी. औषधाबद्दल सल्ला देणाऱ्याने गाव, वाण, छाटणीची तारीख आणि स्वतः मारून बघितलंय का, एवढं लिहावं. एआयकडून घेतलेलं असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगावं, त्यात लाज नाही. पुराच्या फोटोवर आजची तारीख आणि वेळ हवी. आणि कुणाच्या लेखनावर शंका आली तर सगळ्यांदेखत इमोजी टाकायच्या नाहीत, आधी त्या माणसाला फोन करायचा.