‘एकदाच खर्च, मग जन्मभर फुकट’ हे खरं नाही

गेले काही महिने नागपूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "शहराबाहेर एक-दोन एकर वावर घ्या. छतावर सोलर, दाराशी बोअर, मागे गोबरगॅस. एकदाच खर्च, मग वीज-पाणी-गॅस जन्मभर फुकट. कोणाच्या भरवशावर राहायची गरज नाही." मी कळमेश्वरकडे अशाच घरात सहा वर्षं राहते आहे. हे जगणं मला मनापासून आवडतं. म्हणूनच हा मेसेज वाचून कोणी जमिनीचा बयाना द्यायला निघालं की जीव घाबरतो.

आधी वीज. ‘नागपूरचं ऊन कडक, म्हणून वीज भरपूर’ हा पहिला गैरसमज. पॅनेलला उजेड हवा असतो, तापणं सोसत नाही. त्याची क्षमता सेल २५ अंशांवर असताना मोजतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सावलीत ४५ अंश असताना छतावरचं पॅनेल ६५-७० पर्यंत तापतं. म्हणजे भर दुपारी पंधराएक टक्के वीज गेलीच. तरीही उन्हाळ्याचा दिवस निभतो. फजिती होते ती रात्री. २०० वॉटचा एक कूलर दहा तास चालला की दोन युनिट लागतात. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत भरलेली असतानाही १.८ युनिटच मावतात, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. एका खोलीच्या एका रात्रीच्या झोपेला अशा दोन बॅटऱ्याही कमीच पडतात. त्यात ही बॅटरी उष्णतेनं लवकर मरते. आमचा पहिला संच चौथ्या उन्हाळ्यात बसला, आणि ‘एकदाच खर्च’ दुसऱ्यांदा करावा लागला. लिथियमची बॅटरी जास्त टिकते, पण तिचा पहिलाच खर्च मोठा. श्रावणात झड लागली की पॅनेल असून नसल्यासारखं होतं, ते वेगळंच.

मेसेजमध्ये ‘सरकार ७८,००० रुपये देतं’ असंही आहे. छतावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेची ही रक्कम खरी आहे, पण ती जास्तीत जास्त, आणि तीही ग्रीडला जोडलेल्या छतासाठी. महावितरणची लाईन नको म्हणणाऱ्याला ती मिळत नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. आमच्या भागात खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. पाणी असतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. एका बोअरला पाणी लागतं आणि शंभर फुटांवरचा कोरडा जातो. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा जगवताना बोअर किती खोल गेले, ते तिथल्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. बोअर खोल म्हणजे मोठा पंप, मोठा पंप म्हणजे आणखी पॅनेल. पाणी फुकट कुठे राहिलं?

पावसाचा हिशेब मात्र आशा वाटावी असा आहे. नागपूरला वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावरून, गळती-नासाडी धरूनही, सत्तर हजार लिटर पाणी उतरतं. माणशी रोज ५५ लिटर धरले तर चौघांना २२० लागतात. म्हणजे ऑक्टोबर ते मृग साधारण ५६,००० लिटर. त्याला बारा बाय सतराच्या, दहा फूट उंच खोलीएवढं टाकं हवं. ते बांधायचा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि कूलर किती पाणी पितो तेही नाही.

गोबरगॅस उत्तम आहे, पण त्याला जनावरं लागतात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं. शनिवार-रविवारी येऊन राहणाऱ्यांनी हा विचार सोडावा. डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी बनतो, तेव्हा आम्ही सिलिंडरच लावतो.

संडासाचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, आणि पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो. आम्हाला तो दुसऱ्या वर्षी उकरून, विटा-मुरूम भरून पुन्हा करावा लागला.

आता ‘कोणाच्या भरवशावर नाही’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. सेवाग्रामच्या आश्रमातही टेलिफोन होता; तो कक्ष आजही पाहायला मिळतो. आमच्या वस्तीतली पाच घरं टिकली ती एकमेकांच्या भरवशावरच. विहीर एक, तिच्यावरचा पंप एक. संयंत्र ज्याच्याकडे गुरं आहेत त्याच्याकडे, आणि त्यातून निघणारी स्लरी खत म्हणून सगळ्यांच्या वावरात. बॅटऱ्यांचं पाणी बघायला गावातला एक मुलगा महिन्याच्या पगारावर आहे, पाच घरांत वाटला की तो खर्च जड जात नाही. दोन घरांनी महावितरणचं मीटर मुद्दाम ठेवलंय. कोणाच्या घरी आजारपण आलं की औषधाचा फ्रीज तिकडे हलतो.

तेव्हा जमीन बघायला मे महिन्यात जा. दलालाला सोडा, शेजारच्या कास्तकाराला विचारा, "दादा, तुमच्या विहिरीत आज पाणी किती हात आहे?"