बॅले पाँडिचेरीहून चोरून नेलेला नाही

माझी भाची नववीत आहे आणि गेली सहा वर्षे भरतनाट्यम शिकते आहे. गेल्या महिन्यात तिने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘बॅलेचे भारतीय मूळ’ हा विषय घेतला. तिची सगळी सामग्री आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या एका लांबलचक संदेशातून उचललेली होती. तो संदेश मला त्याआधी निदान चार ठिकाणांहून आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो न वाचता पुढे सरकलो होतो, याचा मला आता पश्चात्ताप होतो, कारण शाळेत त्या प्रकल्पाचे कौतुक झाले आणि तो फलकावर लावला गेला. चौदा वर्षांच्या मुलीने मन लावून, सुंदर अक्षरात लिहिलेली ती पाने वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी भरतमुनींच्या नाट्यशास्त्राची पोथी चोरून चौदाव्या लुई राजाला दिली आणि त्याने तिच्या आधारे १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढून बॅले निर्माण केला. बॅलेतल्या पायांच्या पाच स्थिती या नाट्यशास्त्रातल्या ‘स्थानां’ची, म्हणजे उभे राहण्याच्या ढबींची, नक्कल आहेत. ‘बॅले’ हा शब्द ‘बाला’ या संस्कृत शब्दावरून आला, कारण तो मुळात स्त्रियांचाच नाच आहे. पुढे देवदासींना पॅरिसच्या ऑपेराने गुरू म्हणून सन्मानाने बोलावले आणि ‘ला बायादेर’ हा बॅले त्याचाच पुरावा होय. आणि शेवटी, ॲना पावलोवा या प्रसिद्ध रशियन बॅले नर्तकीने भारतात येऊन या सगळ्याची कबुली दिली.

पोथीच्या चोरीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये स्थापन झाली आणि पाँडिचेरीत फ्रेंचांनी पाय रोवला तो १६७४ मध्ये. म्हणजे ज्या अकादमीसाठी ही पोथी नेली असे म्हणतात, ती अकादमी पाँडिचेरीच्या वखारीपेक्षा तेरा वर्षांनी थोरली आहे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकानेही दोन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नसतील, तर आपण इतिहासाचा अभिमान बाळगतो म्हणजे नेमके काय करतो?

शिवाय अकादमीने बॅले जन्माला घातला, हेच मुळात चूक आहे. १५ ऑक्टोबर १५८१ रोजी पॅरिसमध्ये लूव्रशेजारच्या पेती-बूर्बों प्रासादाच्या दालनात ‘बॅले कॉमिक द ला रेन’ हा प्रयोग झाला. फ्रान्सच्या राणीच्या बहिणीचे ड्यूक ऑफ झ्वायूझशी लग्न झाले, त्या सोहळ्याचा तो भाग होता. सिर्सी या मायाविनीची कथा, गाणी, संवाद, फिरते देखावे आणि आखीव आकृत्यांमध्ये नाचणारे दरबारी असा तो सुमारे पाच तासांचा खेळ होता. त्याची रचना करणारा बाल्थाझार द बोज्वायो हा मूळचा इटालियन व्हायोलिनवादक होता आणि पुढच्याच वर्षी, १५८२ मध्ये, त्याने त्या प्रयोगाचे सचित्र पुस्तक छापून घेतले. ते पुस्तक आजही उपलब्ध आहे. त्याच्या प्रस्तावनेत तो बॅले म्हणजे काय हे स्वतः सांगतो: अनेक माणसांनी वाद्यांच्या मेळावर एकत्र नाचत केलेल्या भौमितिक रचना. या विषयावर वाद घालणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, पण हे एक पुस्तक डोळ्यांखालून घालावे, कारण ज्या कलेची चोरी १६६१ मध्ये झाली असे सांगितले जाते, ती कला त्याच्या जवळजवळ ८० वर्षे आधी आपले नाव आणि आपली व्याख्या घेऊन छापील पानावर हजर आहे.

आणि बोज्वायोनेही ती शून्यातून आणलेली नव्हती. इटलीच्या दरबारांत त्याआधी शतकभर नृत्यशिक्षक हा मानाचा पेशा होता. दोमेनिको दा पिआचेन्झा या गुरूने आणि गुग्लिएल्मो एब्रेओ या त्याच्या शिष्याने नृत्यावर लिहिलेले ग्रंथ पंधराव्या शतकातले आहेत आणि गुग्लिएल्मोच्या ग्रंथाच्या एका हस्तलिखितावर १४६३ ही तारीख आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. आता पोथी कोणत्या जहाजातून गेली, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

पोथीची स्वतःची हकीकत तर याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्कृत नाटकांचा अभ्यास करणाऱ्या विल्सनसारख्या इंग्रज पंडितालाही भरताचा मूळ ग्रंथ मिळाला नव्हता. इतर ग्रंथांतल्या उद्धरणांवरच त्याला समाधान मानावे लागले. फिट्झएडवर्ड हॉल यांना एक हस्तलिखित मिळाले आणि त्यांनी १८६५ मध्ये त्यातले काही अध्याय ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथाच्या आवृत्तीला जोडून छापले. पुढे फ्रेंच अभ्यासकांनी आणखी अध्याय प्रसिद्ध केले. नाट्यशास्त्राचा संपूर्ण ग्रंथ प्रथम छापला गेला तो आपल्या मुंबईत, निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेत, १८९४ मध्ये, पंडित शिवदत्त आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली. तोवर ‘ला सिल्फीद’, ‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’ हे गाजलेले बॅले रंगमंचावर येऊन गेले होते. नाट्यशास्त्राचा अभिमान खरोखर वाटत असेल, तर निर्णयसागरातल्या त्या कष्टांची गोष्ट भाचीला सांगायला हवी होती. ती खरी आहे आणि आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडलेली आहे.

पायांच्या स्थितींचा मुद्दा वरवर पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्याला थोडा वेळ देतो. नाट्यशास्त्रात पुरुषांसाठी सहा स्थाने सांगितली आहेत: वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ. प्रत्येकाची देवता सांगितली आहे, पायांतले अंतर ‘ताल’ या मापात दिले आहे (वैष्णवाचे अडीच ताल), आणि उपयोगही सांगितला आहे, उदाहरणार्थ आलीढात शस्त्राचा नेम धरायचा आणि प्रत्यालीढात ते सोडायचे. बॅलेच्या पाच स्थिती बसवण्याचे श्रेय चौदाव्या लुईचा नृत्यशिक्षक पिएर बोशां याला दिले जाते आणि त्या फये या नृत्यशिक्षकाच्या १७०० मधल्या पुस्तकात छापलेल्या आहेत. त्या पुस्तकात पावले बाहेर वळवलेल्या पाच ‘खऱ्या’ स्थितींच्या जोडीला आत वळवलेल्या पाच ‘खोट्या’ स्थितीही आहेत, म्हणजे पाचाचा आकडाही संदेशवाल्यांना वाटतो तितका सरळ नाही. पाय बाहेर वळवण्याची रीत तलवारबाजी आणि दरबारी उभे राहण्याच्या शिस्तीशी जुळलेली आहे. रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये रंगवलेल्या चित्रात साठी उलटलेला लुई नेमका तसाच, पोटऱ्या दाखवत उभा आहे.

अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, बसलेली नर्तकी आणि गुडघे वळवून ‘प्लिए’ करणारी नर्तकी यांत साम्य दिसते, हे मी मान्य करतो. पण माणसाला दोनच पाय असतात आणि मांडीच्या सांध्याला वळायला मोजक्याच दिशा असतात, त्यामुळे दोन दूरच्या परंपरा एका आकारापाशी पोहोचणे हे आश्चर्य नाही. त्या आकारातून पुढे काय घडते, ते पाहावे. आपली नर्तकी त्याच बैठकीत राहून तळव्याने जमिनीशी ताल बोलते. बॅलेत ती बैठक उसळी घेण्यापूर्वीची तयारी असते आणि सगळी ओढ वर, जमीन सोडण्याकडे असते. आणि चोरीच करायची होती, तर भरताच्या हस्तमुद्रांचे भांडार, रस-भावांची मांडणी आणि १०८ करणे (हातापायांच्या एकत्रित हालचाली) तिथेच ठेवून चोराने पायांच्या स्थिती तेवढ्या उचलल्या, हे कोणाला पटेल?

‘बाला’ची व्युत्पत्ती दोन वाक्यांत संपते. ‘बॅले’ हा इटालियन ‘बाल्लो’, ‘बाल्लेत्तो’ यांवरून आला आणि त्यांच्या मुळाशी ‘बाल्लारे’, म्हणजे नाचणे, हे क्रियापद आहे. स्त्रियांचाच नाच म्हणाल, तर १६५३ मध्ये ‘रात्रीच्या बॅले’त सूर्य होऊन नाचलेला चौदा वर्षांचा लुई पुरुषच होता, आणि पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये. त्याआधी तिथल्या स्त्री-भूमिकाही पुरुषच नाचत.

आता देवदासींचा मुद्दा. या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, म्हणून तो अधिक घातक आहे. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या पाच नर्तकी आणि तीन वादक खरोखरच पॅरिसला गेले. थिओफील गोतिए या कवीने त्यांच्यावर भारावून लिहिले, विशेषतः अम्मनी या तरुण नर्तकीवर, आणि बार या शिल्पकाराने तिची छोटी मूर्ती घडवली. याच गोतिएने तीन वर्षांनी ‘जिझेल’चे कथानक लिहायला हात लावला आणि १८५८ मध्ये त्याच्या संहितेवर ‘शकुंतला’ बॅले झाला. या नर्तकींची छाप त्याच्यावर पडली होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्यांना ऑपेराने गुरू म्हणून बोलावले, हे धादांत खोटे आहे. तार्दिवेल नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना करार करून नेले. त्या नाचल्या ऑपेरात नव्हे, तर हलक्याफुलक्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हारिएते नाट्यगृहात, आणि नंतर लंडनच्या अडेल्फीत. त्यांच्यापाशी कोणी पदन्यास शिकायला बसले नाही. युरोपला हवी असलेली देवदासी त्याने आधीच स्वतःच्या कल्पनेतून तयार केली होती: जर्मन कवी गटेची देवदासीवरची कविता १७९७ ची, आणि मारी तालिओनी या नर्तकीने पॅरिस ऑपेरात बायादेर, म्हणजे देवदासी, साकारली ती १८३० मध्ये, खऱ्या देवदासी तिथे पोहोचण्याच्या आठ वर्षे आधी. परक्या शहरात अनोळखी गर्दीपुढे रोज नाचणाऱ्या त्या बायकांना ‘राजगुरू’ करून टाकले, की त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले हा प्रश्नच पुसला जातो. मला या संदेशाचा सर्वाधिक राग येतो तो इथे.

‘ला बायादेर’ बॅले १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. तो रचणारा मारियस पेतिपा मार्सेयचा होता आणि भारतात कधी आला नाही. संगीतकार मिंकस व्हिएन्नाचा. त्यातली नायिका निकिया हिच्या नाचात दाक्षिणात्य नृत्याचा एकही अडवू (मूळ पदन्यास) सापडणार नाही, आणि त्यातले सर्वांत गाजलेले छायांचे दृश्य तर संपूर्णपणे फ्रेंच-रशियन शुभ्रवस्त्री बॅलेच्या परंपरेतले आहे. एक धागा मात्र आपल्याकडचा आहे. गोव्यातल्या कलावंतिणींना पोर्तुगीज ‘बायलादैरा’, म्हणजे नाचणारी, म्हणत, आणि त्याचेच फ्रेंचमध्ये ‘बायादेर’ झाले. तो शब्दही पोर्तुगीजांनी आपल्या घरून आणलेला आणि ‘बॅले’च्याच कुळातला आहे.

पावलोवाच्या तोंडी घातलेल्या कबुलीला ना ठिकाण आहे, ना साल. ती सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यशाळेत शिकून १८९९ मध्ये बाहेर पडली आणि भारतात पहिल्यांदा आली ती १९२२ च्या अखेरीस, जगप्रसिद्ध होऊन. १९२३ मध्ये तिने लंडनला उदयशंकर यांच्यासोबत राधा-कृष्णाचे नृत्य केले. ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून तिकडे चित्रकला शिकायला गेलेले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकल्या आणि पावलोवाच्या आग्रहामुळे आपल्या नृत्याकडे वळल्या. देवाणघेवाण झाली, ती अशी झाली: उघडपणे, नावानिशी, विसाव्या शतकात, आणि दोन्ही दिशांनी.

भाचीने प्रकल्प पुन्हा लिहायला घेतला आहे. पहिल्या पानावर तिला अम्मनीच्या त्या छोट्या मूर्तीचे चित्र काढायचे आहे, आणि फलकावरची जुनी पाने काढून घ्यावीत अशी विनंती तिने वर्गशिक्षिकांना स्वतःहून केली आहे.