‘ईडिपसला गर्वाची शिक्षा मिळाली’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही जरा लांबणारच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एम.ए.ला प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं ‘राजा ईडिपस’ आहे. ते वाचून मी लिहिलं होतं की मला ईडिपसची कीव आली नाही. देवांचा राग आला आणि त्याच्याबद्दल आदर वाटला. सरांचं म्हणणं असं: ईडिपस तापट आणि गर्विष्ठ. ‘तू बापाला मारशील’ हे भाकीत ऐकून आलेल्या माणसाने वयस्कर माणसावर हात उचलायलाच नको होता. उचलला, भोगलं. ॲरिस्टॉटल म्हणतो तो नायकाचा दोष हाच. आणि ‘मला राग आला’ ही काही समीक्षा नव्हे.

शेवटच्या मुद्द्यावर वाद घालत नाही. परीक्षेत मी तसं लिहिणारही नाही, मार्क हवेत.

पण तिठ्यावरच्या मारामारीबद्दल बोलू, जिथे ईडिपसने एका अनोळखी म्हाताऱ्याला मारलं आणि तोच त्याचा खरा बाप, राजा लायस निघाला. तापटपणा होता, कबूल. म्हाताऱ्याने रथातून नेम धरून डोक्यात दुटोकी पराणी हाणली, याने काठीच्या एका फटक्यात त्याला खाली पाडलं आणि बाकीच्यांनाही मारलं. हे तो योकास्तेला (त्याची बायको, आणि खरं तर आईच) स्वतःच सांगतो, काही झाकून ठेवत नाही. प्रश्न एवढाच की तो मुळात त्या वाटेवर का होता? कॉरिंथमध्ये राजा पॉलिबसच्या घरी तो मुलगा म्हणून वाढला, तिथे एका दारुड्याने ‘तू पॉलिबसचा मुलगाच नव्हेस’ असं म्हटलं. आईबापांनी समजूत घातली, तरी मनातून जाईना, म्हणून हा डेल्फीला, अपोलो देवाचा कौल घ्यायला गेला. विचारलं काय, तर माझे आईबाप कोण. त्याचं उत्तर अपोलोने दिलंच नाही, वर बापाला मारशील, आईशी लग्न करशील हे ऐकवून वाटेला लावलं. सातबारा मागायला गेलेल्याला तलाठ्याने ‘तुमची जमीन जाणार आहे’ एवढंच सांगून परत पाठवावं, त्यातला प्रकार. पोरगा घाबरला आणि ज्यांना आईबाप समजत होता त्यांच्यापासून दूर पळाला. माझा राग आहे तो इथे. शांत स्वभावाचा माणूस असता तर तिठ्यावर वाचला असता, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण मग भाकिताने दुसरा तिठा शोधला असता, कारण ते लायसला आधीच मिळालेलं होतं आणि त्याच भीतीने त्याने तान्ह्या पोराचे घोटे अडकवून त्याला डोंगरावर टाकायला दिलं होतं. तान्ह्या पोराचा गर्व कुठला?

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. खून, लग्न, चार मुलं, हे सगळं नाटक सुरू होण्याआधी घडून गेलेलं आहे. रंगमंचावर घडतो तो फक्त तपास. लायसचा खुनी शोधून हाकला, असा डेल्फीचा निरोप योकास्तेचा भाऊ क्रेऑन आणतो हे खरं. पण खुनी माझ्या माहितीने माझ्याच घरात राहत असेल तर हाच शाप मला लागो, हे ईडिपसने आपणहून म्हटलेलं. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस सांगतो, विचारू नकोस. योकास्तेला सगळं कळून चुकतं, ती हातापाया पडते, जिवाची पर्वा असेल तर थांब म्हणते. (तेव्हा याला वाटतं की आपण हलक्या कुळातले निघू म्हणून बाई लाजतेय. इथे मात्र तुमचा गर्विष्ठ ईडिपस मला दिसतो.) शेवटी, ज्याच्याकडे ते तान्हं पोर टाकायला दिलं होतं तो लायसचा धनगर म्हणतो, आता भयंकर ते बोलायची वेळ आली. ईडिपस म्हणतो, आणि माझी ऐकायची; तरी ऐकायलाच हवं. हे वाक्य कुठल्याही देवाने त्याच्या तोंडात घातलेलं नाही. डोळे फोडून घेतल्यावरही तो हेच वेगळं करून सांगतो: दुःख अपोलोने आणलं, पण घाव घालणारा हात माझा.

शिक्षा योग्यच झाली, हे सोफोक्लिसच्या तोंडी घालताना त्याचं शेवटचं नाटकही पाहायला हवं. ‘कोलोनसचा ईडिपस’ त्याने म्हातारपणी लिहिलं, प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर इसवी सनपूर्व 401 मध्ये झाला. त्यात आंधळा, थकलेला ईडिपस क्रेऑनला तोंडावर विचारतो: कुणी तुझ्या अंगावर धावून आला, तर तू आधी त्याला ‘तू माझा बाप तर नव्हेस ना’ असं विचारत बसशील का? वकिलालाही जमू नये असा बचाव आहे तो.

ॲरिस्टॉटलविषयी दोनच वाक्यं. तो ‘राजा ईडिपस’नंतर जवळपास शंभर वर्षांनी लिहितो, आणि त्याने म्हटलेली चूक म्हणजे स्वभावातलं पाप, असा अर्थ त्याच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण हा नायक दुष्टपणामुळे नव्हे तर चुकीमुळे खाली येतो, असं तोच सांगतो. या नाटकातून त्याने दाखला म्हणून घेतलेली गोष्ट म्हणजे कॉरिंथहून आलेला निरोप्या: भीती घालवायला येतो आणि सगळं उघडं पाडून जातो.

आता माझा एक प्रश्न, कारण तुम्ही हे नाटक शिकवलेलं आहे. तिठ्यावरून जिवंत सुटलेल्या एकमेव साक्षीदाराने, म्हणजे त्याच धनगराने, सांगितलं होतं की लायसला दरोडेखोरांनी मारलं, म्हणजे अनेकांनी. ईडिपसची सगळी आशा त्यावर: एक माणूस म्हणजे अनेक होऊ शकत नाही. तेवढ्यासाठीच त्या धनगराला बोलावणं जातं. तो येतो, हात पिरगाळून त्याच्याकडून डोंगरावर टाकायला दिलेल्या मुलाची हकीकत काढून घेतली जाते आणि किती जण होते हे त्याला कुणीच विचारत नाही. ना ईडिपस, ना नागरिकांचा कोरस. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. काहींचं म्हणणं सोफोक्लिसची नजरचूक, मला वाटतं तोवर उत्तराची गरजच उरलेली नसते. तुमच्या विद्यार्थ्यांनी हे कधी विचारलं होतं का, आणि तुम्ही काय सांगितलंत?