रणवीर अलाहबादिया आणि राहून गेलेले प्रश्न

परवा जेवताना भाच्याने विचारलं, "मावशी, तुला रणवीर अलाहबादिया एवढा का खटकतो? ते लेटेंट शोमधल्या अश्लील प्रश्नाचं प्रकरण झालं म्हणून?" मी म्हटलं, नाही. "मग कशासाठी?" तेव्हा घास तोंडात होता आणि उत्तरही नीट जुळत नव्हतं. दोन दिवस ते डोक्यात फिरतंय, म्हणून इथे लिहितेय. लांब झालंय, सवडीने वाचा.

आधी हे सांगायला हवं की यूट्यूबवर मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती घेणाऱ्या या रणवीरच्या पॉडकास्टची मी नियमित श्रोती होते. लॉकडाउनमध्ये भांडी घासताना, भाजी निवडताना कानात त्याचाच आवाज असायचा. मी एका जिल्हा दैनिकात १९ वर्षं काढली आणि त्यातली बरीच वर्षं रविवार पुरवणीतल्या मुलाखती माझ्याकडे होत्या. त्यामुळे कुणी कुणाला प्रश्न विचारत असेल तर माझे कान आपोआप तिकडे वळतात. तेव्हा रोज रात्री टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं ओरडत असायची आणि अँकर त्यांच्याही वर आवाज चढवायचा. अशा दिवसांत मुंबईचा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा समोरच्या माणसाला दोन-दोन तास बोलू देत होता. मध्ये तोडत नव्हता, अपमान करत नव्हता. मला ते फार आवडलं होतं आणि आजही त्या गुणाची किंमत मी कमी करणार नाही. ऐकणं सोपं नसतं.

त्याचा प्रवासही कौतुकाचा आहे. इंजिनिअरिंग शिकलेला हा मुलगा. २०१४ मध्ये 'बीअरबायसेप्स' या नावाने यूट्यूबवर व्यायामाचे व्हिडिओ टाकायला लागला. मग आहार, कपडे, राहणीमान. २०१९ मध्ये 'द रणवीर शो' सुरू झाला, पुढे हिंदीतही आला, सोबत इन्फ्लुएन्सर सांभाळणारी कंपनी उभी राहिली. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात विषय निघाला तेव्हा त्याच्या कामावर २८० माणसांचा रोजगार अवलंबून असल्याचं समोर आलं. दंड-पोटऱ्या दाखवणाऱ्या व्हिडिओंपासून २८० माणसांच्या पगारापर्यंत अकरा वर्षांत पोचणं ही मेहनत आहे.

आणि पाहुणे कोण कोण! परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर, नितीन गडकरी, पियूष गोयल, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ. नट-नट्या, निवृत्त लष्करी अधिकारी, उद्योजक. त्याच खुर्चीत दुसऱ्या आठवड्यात तंत्रसाधना सांगणारे, भुताखेतांचे अनुभव सांगणारे, परग्रहवासीयांबद्दल बोलणारे.

माझं बिनसलं ते इथे. भुताच्या गोष्टींवर माझा राग नाही, त्या मला आवडतात. पण सोमनाथ यानाबद्दल बोलतात तेव्हा रणवीरच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य असतं, तेच आश्चर्य कुणी मंत्राने काय काय घडतं ते सांगतो तेव्हाही असतं. तीच मान डोलावणी, तोच सुस्कारा, तेच "पुढे सांगा". ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या वाटायला लागतात. मोजून, तपासून, चुकून, पुन्हा दुरुस्त करून हाती आलेली गोष्ट आणि कुणाला तरी एका रात्री जाणवलेली गोष्ट यांत फरक आहे, हे दाखवण्याची जबाबदारी त्या खोलीत एकाच माणसावर असते. प्रश्न विचारणाऱ्यावर.

माझं स्वतःचं उदाहरण देते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला एका साखर कारखान्याच्या चेअरमनांची मुलाखत घ्यायला पाठवलं होतं. मोठं प्रस्थ. चहा, काजू, शाल, सगळं झालं. ते म्हणाले, "आमच्याकडे शेतकऱ्याचा एक रुपया बाकी नाही." मी ते वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. मुलाखत छापून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एका शेतकऱ्याचा ऑफिसात फोन. "ताई, ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत उसाचे पैसे द्यायचा कायदा आहे. माझा ऊस जाऊन चार महिने झाले. तुम्ही त्यांना विचारलं का नाही?" मी त्यांच्याशी काय बोलले ते आठवत नाही. पण संपादकांनी मला बोलावून घेतलं ते चांगलं आठवतं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाकी नाही म्हणाले ना, मग कोणत्या हंगामापर्यंतची, एवढं विचारायचं होतंस." एवढंच. सात-आठ शब्द. ते न विचारल्यामुळे मी चेअरमनांचं खोटं आमच्या पेपरच्या नावाने हजारो घरांत पोचवलं होतं. मी कुणालाच दुखावलं नव्हतं, माझी मुलाखत सगळ्यांना आवडली होती. आज वीस वर्षांनंतरही ती गोष्ट मला बोचते.

उलटप्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असा समज हल्ली रुजलाय. टीव्हीवरच्या आरडाओरड्याने तो रुजवला हे मला मान्य आहे. पण उलटप्रश्न अत्यंत आदराने, खालच्या पट्टीत, हसऱ्या चेहऱ्याने विचारता येतो. त्यासाठी आदल्या रात्री बसून वाचावं लागतं. एवढीच अट आहे.

भाचा पॉडकास्ट एडिटिंगचं काम करतो. त्याने मला त्यामागचं गणित समजावलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडीच तासांचा भाग पूर्ण बघणारे थोडे. त्यातून पंधरा-वीस रील कापतात, ते खरे गावोगाव फिरतात. सुरुवातीच्या काही सेकंदांत 'हूक' हवा, म्हणजे माणूस थांबला पाहिजे. पाहुण्याने एखादं खळबळजनक विधान केलं आणि होस्ट थक्क झाला, की रील तयार. "आणि होस्टने मध्येच म्हटलं की याला पुरावा काय, तर?" मी विचारलं. तो हसला. "मग ते रील मरतं, मावशी. एनर्जी पडते." म्हणजे शंका घेणं हा या धंद्यात सरळसरळ तोटा आहे. शिवाय आज जो मंत्री आला त्याला अडचणीचं काही विचारलं तर उद्या दुसरा येणार नाही. रणवीर एकटा हे ठरवत नाही, सगळी व्यवस्थाच त्याला तसं करायला लावते. पण त्या व्यवस्थेतला तो आपल्याकडच्या सर्वांत यशस्वी माणसांपैकी एक आहे, म्हणून बोलावंसं वाटतं.

या रीलने काय होतं ते माझ्या घरात झालंय. सासूबाईंनी कुठल्याशा पॉडकास्टमधला एक मिनिटाचा तुकडा पाहिला, त्यात एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की बीपीच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायची गरज नसते. समोरचा मुलाखतकार "वॉव" म्हणाला. सासूबाईंनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी मोरीत चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं. तो कार्यक्रम रणवीरचा नव्हता, हे मुद्दाम सांगते. पण ती मान डोलवायची पद्धत याच शाळेतली होती.

मी त्याला ऐकणं बंद केलं ते लेटेंटच्या बरंच आधी. एका भागात त्याने पाहुण्याला विचारलं होतं की असे तीन भारतीय सांगा, ज्यांनी देश सोडून जावं आणि परत येऊ नये. पाहुण्याने पत्रकार आणि इतिहासकारांची नावं घेतली. मी ओट्याशी उभी होते, हात ओले होते, तसाच फोन बंद केला. ज्याला आपण ऐकून घेणारा माणूस समजत होतो, तो दुसऱ्याला देशाबाहेर घालवण्याची यादी गमतीत मागत होता. तेव्हा समाजमाध्यमांवर थोडी टीका झाली, विषय विरला. आणि ८ मार्च २०२४ ला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याला 'डिसरप्टर ऑफ द इयर' हा राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार मिळाला.

त्यानंतर अकरा महिन्यांनी विनोदवीर समय रैनाच्या 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूब शोमध्ये त्याने आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून एका स्पर्धकाला तो घाणेरडा प्रश्न विचारला. तो प्रश्न किळसवाणाच होता, त्यावर माझं दुमत नाही. त्याने माफी मागितली, विनोद हा आपला प्रांत नाही असंही म्हणाला. पण तेवढ्याने भागलं नाही. गुवाहाटीत एफआयआर झाला, पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा नोंदवला, महिला आयोगाचं समन्स निघालं. आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या येताहेत आणि आईच्या दवाखान्यात लोक पेशंट बनून घुसले, असं त्याने लिहिलं. ते वाचून माझ्या पोटात कालवलं. कुणाच्याही आईच्या दवाखान्यात असं शिरणाऱ्यांना संस्कृतीवर बोलायचा काय हक्क? १८ फेब्रुवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने अटकेपासून संरक्षण दिलं, पण त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली, पासपोर्ट जमा करायला लावला आणि शो बंद ठेवायला सांगितले. ३ मार्चला सभ्यतेची मर्यादा पाळण्याच्या अटीवर शो सुरू करायची मुभा मिळाली. एप्रिलअखेर पासपोर्ट परत करायला कोर्टाने परवानगी दिली.

माझ्या मते एका अश्लील वाक्यासाठी राज्याराज्यांतले पोलीस मागे लावणं चूकच होतं. बघू नका, निषेध करा, जाहिराती काढून घ्या. पण पोलीस कशाला? आणि मला खरा त्रास याचा होतो की त्या महिनाभरात देशाने या मुलाच्या दहा वर्षांच्या कामाबद्दल जेवढी चर्चा केली, ती सगळी त्या एका वाक्यावर झाली. त्याच्यासमोर बसून मंत्र्यांनी काय काय दावे केले, त्यातले किती तपासले गेले, यावर मला एकही लेख वाचल्याचं आठवत नाही. घाण प्रश्न ऐकून आपण सगळे पेटून उठलो. राहून गेलेले प्रश्न मात्र ऐकूच येत नाहीत, मग त्यावर कोण पेटणार?

सत्तेतल्या माणसांना हे केव्हाच कळलंय, आणि ते एका पक्षापुरतं नाही. २००७ मध्ये पत्रकार करण थापर यांच्या मुलाखतीतून तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी काही मिनिटांत उठून गेले होते. २०२५ मध्ये तेच मोदी पंतप्रधान म्हणून जानेवारीत उद्योजक निखिल कामतच्या आणि मार्चमध्ये अमेरिकेतल्या लेक्स फ्रिडमनच्या पॉडकास्टवर निवांत बसले. फ्रिडमनसोबत तर तीन तासांहून जास्त. राहुल गांधी भारत जोडो यात्रेत खाण्यापिण्याच्या आणि भटकंतीच्या चॅनलला मुलाखत देत होते. अमेरिकेत निवडणुकीच्या तोंडावर ट्रम्प जो रोगनच्या पॉडकास्टवर जवळपास तीन तास बोलले. वेळ नाही, ही सबब आता कुणाचीच उरलेली नाही. वेळ आहे. तो कुणाला द्यायचा हे त्यांनी ठरवलंय.

म्हणून कोर्टाने केंद्राला नियमावली करायला सांगितली तेव्हा मला अजिबात हायसं वाटलं नाही. शिव्या आणि अश्लीलता गाळण्याची चाळणी तयार होईल. न तपासलेलं सगळं त्या चाळणीतून आरामात खाली येईल, कारण ते सभ्य भाषेत बोललेलं असतं. उलट जो कुणी धारदार प्रश्न विचारेल तोच आधी तिच्यात अडकेल, ही भीती वाटते.

रणवीर परत आलाय, काम करतोय. त्याचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. त्याच्यापाशी जे आहे ते आमच्या पिढीतल्या एकाही मुलाखतकाराकडे नव्हतं. तो बोलावेल तो माणूस येतो, लाखो तरुण ऐकतात आणि हातात तासन् तास असतात. आम्हाला पुरवणीत अर्धं पान मिळायचं, तेही वरची जाहिरात सरकली तर.

आता भाच्याला उत्तर मिळालं असेल. पण हा प्रश्न त्याने उगाच विचारला नव्हता, ते मला नंतर कळलं. तो मित्रासोबत स्वतःचा मराठी पॉडकास्ट सुरू करतोय. पहिला पाहुणा म्हणून आमच्या भागातले एक लोकप्रतिनिधी तयार झालेत. मी त्याला प्रश्न काढून दिले, चौदा. त्याने ते त्यांच्या पीएला पाठवले. पाठवायला नको होते, पण नवखा आहे. पीएने तीन प्रश्नांवर काट मारून यादी परत पाठवली: निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातल्या मालमत्तेचा, अर्धवट पडलेल्या पाणी योजनेचा आणि बदली झालेल्या तहसीलदारांचा.

काल रात्री त्याचा फोन आला. "मावशी, हे तीन काढले तरच येतो म्हणताहेत. पहिलाच एपिसोड आहे गं." मी म्हटलं, तिन्ही ठेव, नाही आले तर त्या पाणी योजनेवरच्या गावात जा आणि तिथल्या बायकांशी दोन तास बोल, मी येते सोबत. तो बराच वेळ गप्प होता. "विचार करतो" म्हणाला. रेकॉर्डिंग रविवारी अकरा वाजता आहे.