लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट? तो मेसेज चुकीचा आहे

‘दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली असेल तर स्पर्धा परीक्षेत लेखनिक मिळत नाही, अर्ज करून उपयोग नाही’ असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. लेखनिक म्हणजे उमेदवार सांगेल ती उत्तरं परीक्षेत लिहून देणारी व्यक्ती. मेसेजमध्ये अर्धवट खरं आहे, आणि तेच घातक.

४० टक्क्यांची अट आहे ती आरक्षणाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांतल्या किमान ४ टक्के जागा ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात. लेखनिकाचं प्रकरण वेगळं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देत सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्के लागत नाहीत. मग ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या: लेखनिक, शिवाय तासाला किमान २० मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास.

मात्र नुसतं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवून हे पदरात पडत नाही. लिहिण्यात अडचण आहे असं सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ठरलेल्या नमुन्यातच. डॉक्टरांच्या साध्या चिठ्ठीवर भागत नाही. आणि मागणी नोंदवायची ती फॉर्म भरतानाच. हॉलतिकीट आल्यावर धावपळ करणारे दरवर्षी दिसतात.